मेल लगेच हाती यावा म्हणून: स्मार्टफोनवरील पुश ईमेल सेवांची पारख

ईमेल वेळेवर पोहोचण्यावर ज्यांचे काम खरोखर अवलंबून आहे, अशी माणसे गोव्यात कमी नाहीत. जहाजावर रुजू होण्याच्या बोलावण्याची वाट पाहणारा तारवटी, पेडणे किंवा बार्देशात होमस्टे चालवणारे कुटुंब, पर्वरीला उच्च न्यायालयात वकिली करणारे वकील, काजूचा किंवा मासळीचा निर्यात व्यवसाय सांभाळणारा व्यापारी, यांपैकी कोणालाही मेल दोन तास उशिरा दिसला तर त्याची किंमत मोजावी लागते. खोलीची चौकशी करणारा पाहुणा उत्तराची वाट पाहत बसत नाही. तो दुसरीकडे बुकिंग करून मोकळा होतो.

अशा वेळी बहुतेक जण विचारतात की कोणती ईमेल सेवा चांगली. माझ्या मते हा प्रश्न अपुरा आहे. मेल फोनवर लगेच दिसणे हे सेवा, ॲप आणि फोन या तिघांच्या जोडणीवर ठरते, आणि यांतील एक कडी जरी सैल असली तरी उत्तम सेवासुद्धा तासाला एकदाच मेल दाखवते. म्हणून या लेखात सेवांची तुलना एकेकटी न करता, कोणती सेवा कोणत्या ॲपमध्ये आणि कोणत्या फोनवर कशी वागते, या अंगाने केली आहे.

आधी यंत्रणा समजून घ्यावी

फोनवर मेल येण्याचे मार्ग मोजकेच आहेत. सर्वांत जुना मार्ग म्हणजे फोनने ठरावीक वेळाने सर्व्हरकडे जाऊन ‘नवीन काही आहे का’ असे विचारणे. पॉप-३ या, मेल फोनवर उतरवून घेण्याच्या, पद्धतीत एवढेच शक्य आहे. सर्व्हरने आपणहून कळवण्याची, म्हणजेच ‘पुश’ची, सोय तिच्यात नाही. मेल सर्व्हरवरच ठेवून फोनवर दाखवणाऱ्या आयमॅप पद्धतीत मात्र १९९७ साली ‘आयडल’ नावाची भर पडली. तिच्यात फोन सर्व्हरशी जोडणी उघडी ठेवून थांबतो आणि मेल आला की सर्व्हर त्याच जोडणीवरून कळवतो. ही जोडणी कायमची टिकत नाही. मानकानुसार ती किमान दर २९ मिनिटांनी नव्याने मागावी लागते. शिवाय अशी एक जोडणी एकाच फोल्डरवर लक्ष ठेवते. या दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात, कारण पुढच्या बऱ्याच अडचणींचे मूळ त्यांच्यात आहे.

मायक्रोसॉफ्टने आपल्या कार्यालयीन मेल सर्व्हरच्या, म्हणजे एक्स्चेंज सर्व्हर २००३ च्या, दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून, म्हणजे २००५ पासून, ॲक्टिव्हसिंक या फोनशी जुळवणी करण्याच्या पद्धतीत साधारण असाच मार्ग आणला. फोन एक दीर्घ विनंती पाठवतो आणि सांगण्यासारखे काही घडेपर्यंत सर्व्हर त्या विनंतीचे उत्तर रोखून धरतो. कार्यालयीन मेल, कॅलेंडर आणि संपर्क एकत्र जुळवण्यासाठी हा मार्ग अजूनही वापरात आहे. ज्यांनी एके काळी ब्लॅकबेरी वापरला त्यांना पुश मेलची सवय त्याच फोनने लावली होती, परंतु त्या जुन्या फोनांना आधार देणारी सेवा ४ जानेवारी २०२२ रोजी बंद झाली.

आजचा मुख्य मार्ग या सर्वांहून वेगळा आहे. फोनची स्वतःची एकच जोडणी ॲपलच्या किंवा गुगलच्या सूचना-यंत्रणेशी सतत उघडी असते आणि फोनवरील सगळी ॲप्स तीच जोडणी वापरतात. गावातल्या प्रत्येक घराने आपला वेगळा माणूस टपाल कचेरीत बसवून ठेवण्याऐवजी एकच पोस्टमन सगळ्यांचे टपाल आणतो, तसे हे आहे. त्यामुळे बॅटरीचा खर्च फार कमी होतो. मात्र त्यासाठी मेल सेवेच्या सर्व्हरने त्या यंत्रणेला ‘या फोनला कळवा’ असे सांगावे लागते. ज्या सेवेचे स्वतःचे ॲप असते तिला हे सहज जमते. साध्या होस्टिंगवरच्या, म्हणजे संकेतस्थळासाठी भाड्याने घेतलेल्या जागेवरच्या, मेल सर्व्हरला ते सहसा जमत नाही, आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते.

पहिली पायरी: आपला मेल नेमका कुठे आहे, हे शोधणे

पत्त्याच्या शेवटी जीमेल, आउटलुक, आयक्लाउड किंवा याहू असे नाव असेल तर शोधण्यासारखे काही उरत नाही. व्यवसायाच्या स्वतःच्या नावाचा पत्ता असेल तर मात्र संकेतस्थळ बनवून देणाऱ्याला किंवा होस्टिंग कंपनीला विचारावे की मेलपेटी गुगल वर्कस्पेसवर आहे, मायक्रोसॉफ्ट ३६५ वर आहे, झोहोवर आहे की संकेतस्थळाच्याच सर्व्हरवर आहे. गोव्यातील पुष्कळ लहान हॉटेलांची मेलपेटी शेवटच्या प्रकारची असते, कारण ती होस्टिंगबरोबर वेगळे पैसे न देता मिळालेली असते. याच वेळी दुसरा प्रश्नही विचारून घ्यावा: सर्व्हरवर आयमॅप आयडल चालू आहे का. आणि फोनमध्ये खाते पॉप-३ पद्धतीने जोडलेले आढळले तर बाकी काहीही करण्याआधी ते काढून आयमॅप पद्धतीने जोडावे. तसे करताना जुने मेल फक्त फोनवर किंवा एखाद्या संगणकावरच उरलेले नाहीत ना, याची खात्री आधी करून घ्यावी, कारण पॉप-३ मध्ये मेल उतरवल्यावर सर्व्हरवरून पुसले जाण्याची मांडणी असू शकते.

दुसरी पायरी: सेवा आणि ॲप यांच्या जोड्या तपासणे

जीमेलचा मेल जीमेल ॲपमध्ये, अँड्रॉइडवर आणि आयफोनवरही, लगेच येतो. तोच जीमेल आयफोनच्या मूळ मेल ॲपमध्ये जोडला तर मात्र पुश मिळत नाही. वैयक्तिक खात्यांना ॲक्टिव्हसिंकद्वारे नव्याने जोडण्याची सोय गुगलने ३० जानेवारी २०१३ पासून बंद केली, आणि तेव्हापासून ते ॲप ठरावीक वेळाने जाऊन मेल आणते. आयफोन वापरणाऱ्या अनेकांना जीमेल उशिरा दिसतो त्याचे कारण एवढेच असते, आणि जीमेलचे ॲप घेतले की ते दूर होते.

याची दुसरी बाजू अधिक फसवी आहे. अँड्रॉइडवरच्या जीमेल ॲपमध्ये होस्टिंगवरचे आयमॅप खातेही जोडता येते, म्हणून लोक हॉटेलचा पत्ता त्यात जोडतात आणि तोही जीमेलसारखाच धावत येईल असे गृहीत धरतात. तसे होत नाही. अशा खात्यासाठी ते ॲप ठरावीक अंतरानेच सर्व्हरकडे जाते आणि ते अंतर १५ मिनिटांपेक्षा कमी करता येत नाही. त्यात फोनची बॅटरी बचत आडवी आली की उशीर आणखी वाढतो.

आउटलुकचे ॲप मायक्रोसॉफ्टच्या खात्यांसाठी चोख आहे. इतर सेवांची आयमॅप खातीही त्यात जोडता येतात, परंतु ती मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरमार्फत जुळवली जातात, म्हणजे तुमच्या मेलची प्रत आणि खात्यात शिरण्याचा अधिकार त्या सर्व्हरकडे जातो. सामान्य व्यवसायाला याने फारसा फरक पडणार नाही. अशिलांची कागदपत्रे हाताळणाऱ्या वकिलाने किंवा रुग्णांचे अहवाल मागवणाऱ्या डॉक्टरने मात्र याचा विचार करूनच ते जोडावे.

आयक्लाउडचा मेल आयफोनच्या मूळ ॲपमध्ये पुश होतो. अँड्रॉइडवर ॲपलचे मेल ॲपच नसल्याने तिथे दुसऱ्या ॲपचा आणि त्यासाठी तयार केलेल्या वेगळ्या ॲप-पासवर्डचा आधार घ्यावा लागतो. घरात दोन्ही प्रकारचे फोन असतील तर महत्त्वाच्या कामासाठी हा पत्ता वापरू नये असे मी सुचवीन. फास्टमेल ही सशुल्क सेवा या बाबतीत वेगळी आहे: तिचे स्वतःचे ॲप आहेच, शिवाय आयफोनच्या मूळ मेल ॲपमध्येही तिला पुश मिळते.

झोहो ही चेन्नईची कंपनी व्यवसायाच्या स्वतःच्या नावाने मेलपेट्या देते आणि लहान संस्थांसाठी तिची विनामूल्य योजनाही आहे. त्या योजनेत आयमॅप, पॉप आणि ॲक्टिव्हसिंक या सोयी मिळत नाहीत, त्यामुळे मेल झोहोच्याच ॲपमध्ये पाहावा लागतो. पुशच्या दृष्टीने हे तोट्याचे नाही, उलट सोयीचेच आहे. फक्त संगणकावर वेगळा मेल प्रोग्राम वापरण्याची सवय असेल तर सशुल्क योजना घ्यावी लागेल. प्रोटॉन मेलही फोनवर त्याच्याच ॲपमध्ये चालतो. टुटा या सेवेने अँड्रॉइडवर गुगलच्या सूचना-यंत्रणेवर विसंबून न राहता स्वतःची यंत्रणा उभी केली आहे, त्यामुळे गुगलच्या सेवा नसलेल्या फोनवरही तिच्या सूचना येतात.

राहिली होस्टिंगवरची मेलपेटी. तिच्यासाठी अँड्रॉइडवर चांगला मार्ग आहे: के-९ मेल, त्यावरच उभारलेले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेले थंडरबर्ड, किंवा फेअरइमेल. ही तिन्ही मुक्त स्रोत ॲप्स आहेत आणि आयमॅप आयडल नीट वापरतात. के-९ आणि थंडरबर्डमध्ये फोल्डरच्या सेटिंगमध्ये जाऊन इनबॉक्ससाठी पुश चालू केले आहे का ते पाहावे. अँड्रॉइड १२ पासून पुढच्या फोनवर ‘अलार्म्स अँड रिमाइंडर्स’ ही परवानगीही द्यावी लागते, कारण तिच्याशिवाय ॲपला ठरलेल्या वेळी जोडणी नव्याने मागता येत नाही. या ॲप्सची एक सूचना पडद्यावर सतत दिसत राहते. ती बिघाडाची खूण नसून ॲप पार्श्वभूमीला जागे असल्याची खूण आहे, म्हणून ॲपच जबरदस्तीने बंद करून ती घालवू नये.

आयफोनवर असा मार्ग नाही. आयओएस ही आयफोनची प्रणाली पार्श्वभूमीतील ॲपला थांबवून ठेवते, त्यामुळे आयडलची जोडणी टिकत नाही आणि मूळ मेल ॲप लवकरात लवकर म्हणजे दर १५ मिनिटांनी मेल आणते. आयफोन वापरणाऱ्या होमस्टे मालकाने सरळ मेलपेटी गुगल वर्कस्पेस, मायक्रोसॉफ्ट ३६५, झोहो किंवा फास्टमेल यांपैकी एका ठिकाणी हलवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मेलपेटी तिथेच ठेवून फक्त जीमेलवर फॉरवर्ड लावण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. परंतु फॉरवर्ड केलेला मेल मूळ पाठवणाऱ्याच्या नावाने दुसऱ्याच सर्व्हरवरून येत असल्याने प्रेषकाची पडताळणी फसण्याची आणि नेमकी चौकशीच स्पॅममध्ये जाण्याची शक्यता असते.

तिसरी पायरी: फोनची मांडणी

अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, ‘डोझ’ नावाची व्यवस्था आहे. फोन चार्जरवर नसेल, पडदा बंद असेल आणि फोन हलत नसेल तर ॲप्सचे नेटवर्क रोखले जाते आणि अधूनमधून थोडा वेळ मोकळे केले जाते. गुगलच्या यंत्रणेतून आलेली तातडीची सूचना यातून वाट काढते. आयडलवर चालणारे ॲप मात्र अडकते. म्हणून अशा ॲपला बॅटरीच्या सेटिंगमध्ये ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करावे. सॅमसंगच्या फोनवर ‘नेव्हर स्लीपिंग ॲप्स’च्या यादीत ते घालावे. शाओमीच्या फोनवर ‘ऑटोस्टार्ट’ चालू करून बॅटरीसाठी ‘नो रिस्ट्रिक्शन्स’ निवडावे. ओप्पो, विवो, रियलमी यांच्यातही याच अर्थाचे पर्याय वेगवेगळ्या नावांनी मिळतात.

आयफोनवर सेटिंग्जमधील मेल खात्यांच्या पानावर ‘फेच न्यू डेटा’ उघडावे. तिथे प्रत्येक खात्यापुढे पुश, फेच किंवा मॅन्युअल यांपैकी काय आहे ते दिसते, आणि ज्या खात्यापुढे पुश हा पर्यायच येत नाही त्याला त्या ॲपमध्ये पुश मिळणार नाही हे तिथेच कळते. फेचसाठी ‘ऑटोमॅटिकली’ निवडलेले असेल तर फोन चार्जरवर आणि वायफायवर असतानाच पार्श्वभूमीला मेल आणला जातो, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. ‘लो पॉवर मोड’ चालू असतानाही मेल आणण्यावर मर्यादा येते.

कधी मेल वेळेवर आलेला असतो, फक्त फोन वाजत नाही. जीमेल ॲपमध्ये सूचना फक्त ‘प्रायमरी’ विभागापुरत्या असू शकतात, आणि बुकिंग संकेतस्थळांचे मेल बऱ्याचदा ‘अपडेट्स’मध्ये जातात. शिवाय अँड्रॉइडवर इनबॉक्सच्या सूचनांमध्ये ‘नोटिफाय फॉर एव्हरी मेसेज’ निवडलेले नसेल तर एकामागोमाग आलेल्या मेलांपैकी प्रत्येकासाठी फोन वाजत नाही. आउटलुकमध्ये ‘फोकस्ड’ विभागाबाबत हीच काळजी घ्यावी.

चौथी पायरी: स्वतः चाचणी घेणे

जाहिरातीत किंवा ॲपच्या वर्णनात काहीही लिहिलेले असो, आपल्या घरात आणि आपल्या फोनवर चाचणी घेतल्याशिवाय निर्णय करू नये. फोन चार्जरवरून काढून, पडदा बंद करून, हात न लावता तासभर टेबलावर ठेवावा, म्हणजे डोझ पूर्ण लागू होईल. मग दुसऱ्या सेवेच्या पत्त्यावरून मेल पाठवावा, विषयातच पाठवल्याची वेळ लिहावी आणि फोन कधी वाजतो ते पाहावे. हीच चाचणी एकदा वायफायवर आणि एकदा मोबाइल डेटावर करावी. पावसाळ्यात वीज गेली की राउटर बंद पडतो आणि फोन मोबाइल डेटावर जातो. त्या क्षणी आयडलची जोडणी तुटते आणि ॲपला ती नव्याने जोडावी लागते. ते ॲप हे किती लवकर करते, हे राउटरचे बटण बंद करून सहज पाहता येते. सत्तरीच्या डोंगराळ गावांत किंवा चोर्ला घाटात नेटवर्क मुळातच तुटक असते, तेव्हा तिथून परतल्यावर सूचनांवर विसंबून न राहता ॲप एकदा उघडून पाहावे. मेल सर्व्हरवर सुरक्षित असतो, सूचना मात्र हुकलेली असू शकते.

मेल उशिरा आला तर उशीर नेमका कुठे झाला हे मेलच्या हेडरमध्ये, म्हणजे मेलबरोबर येणाऱ्या प्रवासाच्या तांत्रिक नोंदीत, लिहिलेले असते. संगणकावर जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’ उघडले की वरच्या बाजूला किती सेकंदांत मेल पोहोचला हे दिसते आणि खाली ‘रिसीव्ह्ड’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी दिसतात. त्या खालून वर वाचाव्यात, कारण प्रत्येक सर्व्हर आपली ओळ वर जोडतो. समजा खालच्या ओळीत १७:०५:११ +०००० आणि तुमच्या होस्टिंग सर्व्हरच्या ओळीत १७:०५:१३ +०००० असे आहे. ‘+००००’ म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, तिच्यात साडेपाच तास मिळवले की भारतीय वेळ येते, म्हणजे मेल रात्री १० वाजून ३५ मिनिटांनी तुमच्या पेटीत पडला होता. फोन ११ वाजून २० मिनिटांनी वाजला असेल तर मधली पाऊण तासाची दिरंगाई ॲपची किंवा फोनची आहे आणि तिसरी पायरी पुन्हा तपासावी लागेल.

याउलट दोन ‘रिसीव्ह्ड’ ओळींमध्येच दहा-पंधरा मिनिटांचे अंतर असेल तर फोनचा काही संबंध नाही. बऱ्याच होस्टिंग सर्व्हरवर ‘ग्रेलिस्टिंग’ असते: अनोळखी प्रेषकाचा मेल पहिल्यांदा तात्पुरता नाकारला जातो आणि पाठवणाऱ्या सर्व्हरने काही वेळाने पुन्हा प्रयत्न केला तरच स्वीकारला जातो, कारण स्पॅम पाठवणारे सहसा दुसरा प्रयत्न करत नाहीत. होमस्टेला येणारी जवळजवळ प्रत्येक चौकशी अनोळखी माणसाचीच असते, त्यामुळे हा उपाय तिथे नेमका नको त्या ठिकाणी बसतो. होस्टिंग कंपनीला सांगून तो तुमच्या पत्त्यापुरता बंद करून घ्यावा.

एकच पेटी अनेकांच्या फोनवर असेल तर

रिसेप्शन, मालक, मालकाचा मुलगा आणि हिशेब पाहणारा, असे सगळे एकाच पत्त्यावर असतात तेव्हा वेगळीच अडचण येते. डोव्हकॉट हा फार वापरला जाणारा मेल सर्व्हर एका वापरकर्त्याला एका आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवरील एका ओळख-क्रमांकावरून, मुळात १० आयमॅप जोडण्याच देतो, आणि जीमेलची आयमॅप मर्यादा एका खात्याला एकाच वेळी १५ आहे. हॉटेलच्या वायफायवरचे सगळे फोन बाहेरून एकाच आयपी पत्त्याचे दिसतात. प्रत्येक फोनवर तीन-चार फोल्डरांना पुश लावले असेल तर मर्यादा भरते, आणि मग कोणाच्या तरी फोनवर मेल अधूनमधून गायब झाल्यासारखा वाटतो. पुश फक्त इनबॉक्सला ठेवावे, बाकीचे फोल्डर उघडल्यावर जुळू द्यावेत. बॅटरीही त्यानेच वाचते. रिसेप्शनवरच्या सामायिक फोनवर बंद पडद्यावर मेलचा मजकूर दिसणार नाही अशी मांडणी करावी, कारण त्यात पाहुण्यांच्या पासपोर्टच्या प्रतीही येतात.

सेवा बदलायची ठरली तर

मेलपेटी हलवण्याचे काम पर्यटन हंगाम सुरू होण्याआधी, पावसाळ्यात उरकावे. चवथीची गडबड टाळून जुलै किंवा ऑगस्टचा पहिला पंधरवडा त्याला सोयीचा. तुमच्या नावाचा मेल कोणत्या सर्व्हरकडे न्यायचा हे सांगणारी डोमेनची ‘एमएक्स’ नोंद बदलण्याच्या एक-दोन दिवस आधी तिचा ‘टीटीएल’, म्हणजे इतर सर्व्हरांनी ती नोंद साठवून ठेवण्याचा काळ, कमी करायला सांगावे, म्हणजे बदल जगभर लवकर पोहोचतो. जुने मेल आयमॅपद्वारे नव्या पेटीत उतरवून घ्यावेत, प्रेषकाच्या पडताळणीसाठी लागणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएम या नोंदी नव्या सेवेप्रमाणे बदलून घ्याव्यात, नाहीतर तुम्ही पाठवलेली उत्तरेच समोरच्याच्या स्पॅममध्ये जातील. नवी पेटी सुरू झाल्यावरही जुनी पेटी लगेच पुसू नये. आठवडाभर ती रोज उघडून पाहावी, कारण जुनी नोंद धरून बसलेले काही सर्व्हर तिथेच मेल टाकत राहतात. सलग काही दिवस तिच्यात एकही नवा मेल पडला नाही की मगच ती बंद करण्यास होस्टिंग कंपनीला कळवावे.